पांजरपोळीतली घोडी

मी जनावरांचा डॉक्टर झालो तो एका बैलाच्या शिंगामुळे.

आमचं घराणं मूळचं मारवाडातलं. आजोबा कापसाच्या मागं खानदेशात आले आणि धरणगावहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, तापीच्या अलीकडं, एका तालुक्याच्या गावी त्यांनी दुकान टाकलं. वडिलांनी ते वाढवून सरकी-कापसाची आडत केली. वडिलांना आम्ही बापूजी म्हणायचो. ते घरात मारवाडी, बाजारात अहिराणी आणि कचेरीत मराठी बोलत. इथं मी त्यांचं बोलणं मराठीतच लिहितो आहे.

गावातल्या जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी मिळून वेशीबाहेर एक पांजरपोळ चालवली होती. म्हातारी, लंगडी, कसायाच्या दारातून सोडवून आणलेली जनावरं तिथं शेवटपर्यंत सांभाळायची. कारभार बापूजींकडं होता. मॅट्रिक होऊन मी गादीवर बसायला लागलो, तेव्हा सकाळी त्यांच्याबरोबर पांजरपोळीत जाणं हे माझं पहिलं काम झालं.

तिथं एक पांढरा बैल होता. त्याचं उजवं शिंग मुळापासून सडत चाललं होतं. तो मान वाकडी करून भिंतीला डोकं घासायचा, नाकपुडीतून रक्त गळायचं. त्याला चारा होता, पाणी होतं, सावली होती. औषध नव्हतं. तो आमच्या डोळ्यांदेखत सावकाश मरत होता आणि आम्ही रोज त्याच्यापुढं हिरवी वैरण टाकून पुण्य केल्यासारखे घरी येत होतो.

त्या हिवाळ्यात आसपासच्या खेड्यांत बुळकांडीची साथ आली. जनावरांना टोचायला जळगावहून एक डॉक्टर आले आणि बापूजींनी त्यांना पांजरपोळ दाखवायला नेलं. डॉक्टरांनी बैलाचं डोकं दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि म्हणाले, "शिंग काढावं लागेल. आत्ता." बैलाला आडवा पाडला, चार माणसांनी पाय बांधले, शिंगाच्या बुडाशी सुई टोचून जागा बधिर केली आणि करवत चालवली. दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं. बापूजी तोंड फिरवून उभे होते. मी मात्र शेवटपर्यंत पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बैल डोक्याला पट्टी बांधून कडबा खात होता. मी त्याच्याजवळ इतका वेळ उभा राहिलो, की दुकान उघडायला माणूस मला शोधत आला.

पुढच्या काही दिवसांत मी घरात विषय काढला. मुंबईला जनावरांच्या डॉक्टरीचं कॉलेज आहे, मला तिथं जायचं आहे.

"तुझ्या हातात सुरी येईल," बापूजी म्हणाले. "मग बंदूकही येईल. आपल्या घरात मुंगीसुद्धा फडक्यानं बाजूला करतात."

"शिंग कापलं म्हणूनच तो बैल वाचला ना?"

"वाचला. आणि जो वाचणार नसतो त्याचं ते लोक काय करतात, ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं. खरं तर मला ते ठाऊक होतं.

शेवटी तोड निघाली ती अशी. चातुर्मासासाठी गावात एक महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, उतरल्या होत्या. बापूजींनी मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि मी हात जोडून नियम घेतला: जाणूनबुजून कुठल्याही पंचेंद्रिय जिवाची हत्या करणार नाही, करवणार नाही, करणाऱ्याला बरं म्हणणार नाही. नियम घेताना माझा आवाज खणखणीत होता. आईनं मला मुंबईच्या वाटेसाठी खाकरे बांधून दिले.

कॉलेजात आम्ही सगळे वेगवेगळ्या वाटांनी येऊन पडलो होतो. एकाचा बाप घोडदळात नालबंद होता आणि तो स्वतः घोड्यांतच वाढला होता. एक जण माणसांच्या डॉक्टरीला प्रवेश मिळाला नाही म्हणून आला होता आणि पहिलं वर्षभर ते लपवत होता. नगरकडच्या एकाच्या घरचे सगळे बैल एका पावसाळ्यात बुळकांडीनं गेले होते. तो सगळ्यांत कमी बोलायचा आणि सगळ्यांत जास्त अभ्यास करायचा. मी शिंगाची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. नियमाची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मेलेल्या घोड्याचं पोट पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी मी जेवलो नाही. हळूहळू जेवू लागलो.

नोकरी लागल्यावर मी आधी चाळीसगावला होतो. तिथं रेल्वे स्टेशनवरच्या टांग्याच्या एका घोड्याला ग्लँडर्स निघाला. नाकातून पू वाहतो, आत व्रण पडतात, कातडीखाली गाठी फुटतात. घोडा बरा होत नाही, आणि त्याच्या नाकातलं पाणी माणसाच्या जखमेला लागलं तर तेव्हा माणूसही बहुधा वाचत नसे. म्हणून अशा घोड्याला गोळी घालायचा कायदा होता. माझ्या वरिष्ठांनी पोलीस शिपाई बोलावला. शिपायानं बंदूक डोळ्यांच्या मधोमध टेकवली. ती जागा हवी त्यापेक्षा खाली होती. घोडा गुडघ्यांवर आला आणि ओरडला. घोडा ओरडतो तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. दुसरी गोळी घालायला शिपायाला बराच वेळ लागला. योग्य जागा कोणती ते मला माहीत होतं, आणि मी कुंपणाला पाठ लावून उभा होतो.

पुढं काही काळ शिरपूरला काढून माझी बदली आमच्याच गावच्या दवाखान्यात झाली. बापूजींना आनंद झाला. पांजरपोळीला आता घरचाच डॉक्टर मिळाला, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

उन्हाळा सुरू होत होता. कापूस पिंजणाऱ्या जिनांचा हंगाम संपत आला होता. एके सकाळी मी पांजरपोळीत गेलो तर एक नवी घोडी बांधलेली दिसली. तांबूस रंगाची, हाडं निघालेली. धुळ्याच्या एका टांगेवाल्यानं ती आणून सोडली होती, असं राखणदार म्हणाला. हा राखणदार जवळच्या खेड्यातला, पन्नाशीचा, मी गादीवर बसायच्या आधीपासून तिथं कामाला होता. मी त्याला आबा म्हणायचो. तो घोडीचं नाक आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसत होता.

"आबा, हात लावू नका तिला," मी म्हणालो.

"काय व्हस, भाऊ? सर्दी शे तिले. बठ्ठी रात खोकनी."

मी घोडीचं तोंड उजेडाकडं वळवलं. डाव्या नाकपुडीतून चिकट, पिवळट पाणी येत होतं. आत व्रण होता. जबड्याखाली गाठ होती आणि ती दाबली तरी हलत नव्हती.  टांगेवाल्यानं ही घोडी इतक्या लांब का आणून सोडली, तेही लक्षात आलं.

तिच्या शेजारी पांजरपोळीचा एक म्हातारा पांढरा घोडा बांधलेला असायचा. मी दोघांना एकमेकांपासून लांब बांधायला लावलं, आबांना साबणानं हात धुवायला लावले आणि दोन्ही जनावरांच्या खालच्या पापणीत परीक्षेची लस टोचली. रोग असेल तर पापणी सुजते आणि डोळ्यातून पू येतो. निरोगी घोड्याला काही होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घोडीचा डोळा मिटला होता. पापणी लिंबाएवढी सुजली होती आणि गालावरून पू ओघळत होता. पांढऱ्या घोड्याचा डोळा स्वच्छ होता. मी धुळ्याला वरिष्ठांना तार केली आणि दुपारपर्यंत हुकूम आला: नष्ट करा.

तो घेऊन मी पांजरपोळीच्या फाटकाशी पोचलो तर फाटकाला आतून कुलूप होतं. बापूजी आत उभे होते.

"तिचा डोळा बघा, बापूजी."

"बघितला. तू सुई टोचलीस म्हणून सुजला."

"तीच सुई पांढऱ्यालाही टोचली आहे. त्याचा का नाही सुजला?"

त्यांनी पांढऱ्याकडं वळून पाहिलं. मग म्हणाले, "घोडी मरायची असेल तर तिच्या वेळेला मरेल. तोवर तिला चारा-पाणी मिळेल. या फाटकाच्या आत आलेल्या जिवाला गोळी लागलेली नाही, माझ्या हयातीत लागणार नाही."

"तिच्याजवळ जाणारा माणूस मरेल."

"मग दुसरं कुणी जायला नको. मी जातो."

आणि माझ्यासमोर ते वळले, छपराखाली गेले आणि खिशातला गूळ काढून त्यांनी तळहातावर घोडीपुढं धरला. ती हात चाटत होती. तेव्हा मला दिसलं, की त्यांच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली आहे. कापसाच्या गाठीची लोखंडी पत्री लागून तो कापला होता, हे आईनं मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी फाटकाच्या गजांना धरून ओरडलो. माझ्या आयुष्यात बापूजींवर ओरडण्याची ती पहिली वेळ. त्यांनी मान वळवून पाहिलं, हात मागं घेतला, पण ते बाहेर आले नाहीत.

मी तसाच मामलेदारांकडं गेलो. पोलीस द्या, कुलूप तोडू, असं म्हणालो. मामलेदार भला माणूस होता, पण गावातले सगळे व्यापारी बापूजींच्या मागं होते. "डॉक्टर, शेठजींच्या दारात मी शिपाई घालू? तुमचेच वडील आहेत. तुम्ही समजवा," ते म्हणाले. "धुळ्याहून साहेब आले तर मग बघू."

साहेब दौऱ्यावर होते. वाट पाहण्याशिवाय हातात काही उरलं नाही. मी सकाळ-संध्याकाळ फाटकाशी जायचो. बापूजी बादलीनं लांबून पाणी सरकवायचे. निदान तेवढं त्यांनी माझं ऐकलं होतं. घरी ते वेगळ्या खोलीत जेवत. मी कार्बोलिकच्या पाण्यात त्यांचा अंगठा बुडवायचो, तेव्हा ते हात पुढं करत आणि दुसरीकडं बघत. अंगठ्याची कड लाल झाली आहे का, हे मी रोज दहादा पाहायचो. आई माझ्या चेहऱ्याकडं बघायची.

एके दिवशी दवाखान्याच्या पायरीवर आबांची बायको येऊन बसली. आबा कामावर का आले नाहीत हे मला कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, बापूजींनीच त्यांना घरी ठेवलं आहे.

"त्यासले ताप शे, डॉक्टर," ती म्हणाली. "हात सुजी गया. काही खातस नही."

मी तिच्याबरोबर गेलो. आबा खाटेवर पडले होते. उजव्या हातावर मनगटापासून काखेपर्यंत ओळीनं गाठी आल्या होत्या आणि त्यांतली एक फुटली होती. नाक लाल, सुजलेलं. मी माणसांचा डॉक्टर नव्हतो, पण हे मी पुस्तकात वाचलं होतं. गावच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि मला बाहेर नेऊन विचारलं, "तुमच्या घोडीचं?" मी मान डोलावली. जळगावच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं, असं ठरलं. पण इतका ताप असताना गाडीचे हाल सोसतील की नाही, याची शंका त्यांच्या आवाजातच होती.

मी बापूजींना घेऊन आलो. त्यांना काही सांगितलं नाही, फक्त "चला" म्हणालो. खाटेजवळ उभे राहून ते आबांच्या हाताकडं पाहत राहिले. आबांनी डोळे उघडले.

"शेठजी," ते म्हणाले, "घोडीले पानी दिधं का?"

"दिधं," बापूजी म्हणाले. 

आबांना गाडीत घातलं, पण ते जळगावला पोचले नाहीत. वाटेतच गेले. बापूजी त्यांच्या खेड्यात जाऊन सरणाजवळ उभे राहिले. जवळ कुणी जायचं नाही म्हणून लाकडं मी आणि गावच्या डॉक्टरांनी हातांना फडकी बांधून रचली. तिथून परतताना बापूजी बैलगाडीत माझ्या समोर बसले होते. गाव जवळ आलं तशी त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"शिपाई बोलावलास?" त्यांनी विचारलं.

"शिपाई बंदूक घेऊन येईल. गोळी मी घालणार."

"तू का? तू लांब उभा राहा. निदान तुझा नियम राहील."

"राहणार नाही. करणं, करवणं आणि करणाऱ्याला बरं म्हणणं तिन्ही सारखंच, असं त्या नियमात आहे. शिवाय शिपायाला जागा माहीत नाही. चाळीसगावला मी ते पाहिलं आहे."

मग मी त्यांना चाळीसगावच्या घोड्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 

दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. भिंतीपलीकडं माणसांनी खोल खड्डा खणून ठेवला होता आणि चुन्याची पोती आणून टाकली होती. मी घोडीला लांब दोरीनं खड्ड्याच्या काठाशी आणलं. तिला श्वास घेणं जड जात होतं, प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. तिच्यापुढं थोडं हरभऱ्याचं भूस टाकलं, तिनं ते हुंगलं आणि सोडून दिलं. शिपायानं बंदूक भरून माझ्या हातात दिली आणि तो मागं सरकला. एका डोळ्यापासून दुसऱ्या बाजूच्या कानापर्यंत रेघ धरायची, तशीच दुसरीकडून. दोन्ही जिथं एकमेकींना कापतात ती जागा. मी ती बोटानं दाखवावी तशी नजरेनं धरली.   एकच गोळी लागली. घोडी जागच्या जागी खाली बसली आणि आडवी झाली, तिला आवाज करायलाही वेळ मिळाला नाही.

मागं वळलो तेव्हा बापूजी भिंतीजवळ उभे होते. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. ते मनात नवकार मंत्र म्हणत होते, ओठ तेवढे हलत होते.

त्या दिवशी आम्ही तिची दोरी, तोबरा, खालचं गवत सगळं जाळलं. छपराखालची माती खरवडून काढली, गव्हाणीला चुना दिला. संध्याकाळी मी आंघोळ केली आणि सूर्यास्ताच्या आत जेवलो. मला भूक होती, याचंच मला वाईट वाटत राहिलं.

बापूजींचं काय होणार हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. अंगठा भरत आला होता, पण हा रोग उशिरानंही उगवतो. ते स्वतःहून आडतीच्या गोदामातल्या एका खोलीत राहायला गेले. कुणाला जवळ येऊ देत नसत. मी रोज सकाळी उंबऱ्याशी उभा राहायचो, ते ताप पाहून काचेची नळी उजेडाकडं धरायचे आणि मला आकडा सांगायचे. एका दुपारी त्यांना हुडहुडी भरली. मी पोचलो तेव्हा ते दोन घोंगड्या घेऊन पडले होते आणि दात वाजत होते. गावचे डॉक्टर आले. आम्ही दोघांनी त्यांचं अंग बोट न् बोट तपासलं, काख, मान, नाक. कुठंच गाठ नव्हती. डॉक्टर म्हणाले, हिवताप दिसतो. पण खात्री देता येत नव्हती. क्विनीन दिलं आणि मी गोदामाच्या दारात बसून राहिलो. आई आली आणि माझ्याशेजारी बसली. चार दिवसांनी ताप उतरला आणि परत चढला नाही, तेव्हा ती उठून घरी गेली आणि पहिल्यांदा रडली.

नियमाचं मी टाळलं नाही. त्या महासतीजी तेव्हा पारोळ्याच्या बाजूला होत्या. जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उपवासांचं प्रायश्चित्त दिलं. मग विचारलं, "असं पुन्हा करावं लागलं तर?"

"करावं लागेल," मी म्हणालो.

"मग पुन्हा नियम मागू नका," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि समजूतही नव्हती. मी वंदन करून निघालो. ते उपवास मी पूर्ण केले.

गावात दोन तट पडले. दोन व्यापाऱ्यांनी पांजरपोळीचं काम सोडलं, त्यांतला एक पुढं कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही. आबांची बायको पांजरपोळीत पुन्हा आली नाही. बापूजी तिच्या घरी जात. ती दारात पाट मांडायची, पाणी द्यायची आणि आत निघून जायची. तिच्या मुलाला त्यांनी आडतीत काम देऊ केलं. त्यानं घेतलं नाही, तो जिनात लागला. बापूजींनी आग्रह धरला नाही.

बरे झाल्यावर बापूजी पांजरपोळीत आले ते माझ्याबरोबरच. पांढरा घोडा अजून वेगळा बांधलेला होता. तो घोडीच्या शेजारी राहिला होता, म्हणून त्याची परीक्षा मला परत करायची होती. मी पापणीत सुई टोचली तेव्हा त्याचं डोकं बापूजींनी धरलं. मी नको म्हणालो तर त्यांनी हातांवर बांधलेली फडकी मला दाखवली.

"आणि सुजला तर?" मी विचारलं.

"तर किल्ली तुझ्याजवळच आहे," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो.  फाटक उघडून आत गेलो तर घोडा आमच्याकडं पाठ करून उभा होता. मी पुढं जाऊन त्याचं तोंड उजेडाकडं वळवलं. डोळा उघडा होता, कोरडा, स्वच्छ. मी दोनदा पाहिलं, मग बापूजींना जवळ बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. मग खुंट्याची गाठ सोडली आणि घोड्याला ते स्वतः हौदावर पाणी पाजायला घेऊन गेले.